टँक धरणारा हात सुटल्यावर : स्कूबा डायव्हर होण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते, नोकरी करते आणि सुट्टी साठवून डायव्हिंगला जाते. गेल्या अकरा वर्षांत दीडशेच्या आसपास डाईव्ह झाल्या. मी रेस्क्यू डायव्हर (अडचणीतल्या डायव्हरला मदत करण्याचा कोर्स केलेली) आहे, इन्स्ट्रक्टर नाही. त्यामुळे इथे लिहिलेलं कुठल्याही कोर्सची जागा घेऊ शकत नाही. पण मालवणहून परतलेली माणसं, ऑफिसातले सहकारी, नात्यातली मुलं-मुली मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मी मालवणला स्कूबा केलंय. म्हणजे मी डायव्हर झाले का?

तुम्ही पाण्याखाली श्वास घेतलात, ही छोटी गोष्ट नाही. पण ती डाईव्ह तुमच्या हातात नव्हती. किल्ल्याच्या बाजूला जो मुलगा तुमच्या सिलिंडरची मान धरून पाठीशी होता, त्यालाच ठाऊक होतं की आपण किती खोल आहोत, हवा किती उरली आहे आणि वर कधी यायचं आहे. हवा भरून-सोडून वर-खाली नेणाऱ्या तुमच्या जॅकेटच्या बटणावर बोटही त्याचंच होतं. गढूळ पाण्यात, दिवसभर, घाबरलेल्या अनोळखी माणसांना सांभाळून खाली-वर नेणारी ही मुलं फार कष्टाचं काम करतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

डायव्हर होणं म्हणजे त्या मुलाच्या डोक्यातला हिशेब आपल्या डोक्यात येणं. खोली, हवा, वेळ, वर येण्याची वाट आणि आपला सोबती कुठे आहे, हे सगळं कुणी न विचारता आपल्याला माहीत असणं.

स्वतंत्र डायव्हर म्हणजे एकट्यानं जायचं?

नाही. डायव्हिंगमध्ये सोबती असतो, त्याला बडी म्हणतात. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं कार्ड मिळालं, म्हणजे तुमच्याइतकंच शिकलेल्या बडीबरोबर, जशा पाण्यात शिकलात तशाच पाण्यात, १८ मीटरपर्यंत, सोबत व्यावसायिक गाईड नसताना तुम्ही जाऊ शकता. कार्डाचा अर्थ हा आहे. एकट्यानं उतरण्याचे कोर्स वेगळे आहेत आणि त्यांच्यासाठी आधी साधारण १०० नोंदलेल्या डाईव्ह लागतात. त्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

आपल्याकडे अंदमानला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला गेलात तर गाईड सोबत असतोच, आणि ते चांगलंच आहे. धोका एवढाच की मग विचार करायची सवयच लागत नाही. पन्नास डाईव्ह झालेली माणसं मी पाहिली आहेत, ज्यांना "आत्ता आपली बोट कुठल्या दिशेला आहे?" असं विचारलं तर सांगता येत नाही. गाईड पुढे असला तरी मनात स्वतःची डाईव्ह स्वतः करायची. इथून पुढची सगळी उत्तरं या एकाच गोष्टीकडे येणार आहेत.

पोहता येत नाही. जमेल?

मालवण-गोव्यातल्या एका दिवसाच्या अनुभवासाठी चालतं. कोर्ससाठी नाही. पॅडी या संस्थेच्या ओपन वॉटर कोर्सात न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, किंवा मास्क, फिन्स (पायातले पंखे) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर. शिवाय कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगावं लागतं. वेगाची अट नाही. तरंगण्याची परीक्षा मला पोहण्याहून महत्त्वाची वाटते, कारण दहा मिनिटं पाण्यावर शांत राहू शकणारा माणूस सहसा पाण्याखालीही शांत राहतो. येत नसेल तर तीन महिने तलावावर जा, मग कोर्सचे पैसे भरा.

मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलोय. दीड मिनिट दम धरता येतो. फायदा होईल ना?

पाण्याची भीती नसण्याचा फायदा नक्की होईल. पण दम धरण्याची सवय मात्र मोडावी लागेल. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेल्या आमच्या पिढीला पहिला धडा मिळाला तो "तोंड बंद, दम धर" हा. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे : श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं श्वासाचं यंत्र, तुम्हाला त्याच दाबाची हवा देतो, म्हणून छाती नेहमीसारखी भरते. आता १० मीटरवर छातीभर श्वास घेऊन तोंड मिटलंत आणि वर आलात, तर ती हवा पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटायला फार खोल असावं लागतं असंही नाही, भरल्या छातीनं दीड-दोन मीटर वर येणंही पुरतं. म्हणून तलावातल्या उथळ पाण्यातही हाच नियम.

चांगले इन्स्ट्रक्टर रेग्युलेटर तोंडातून काढायला लावतात, तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे सोडायला सांगतात. त्या बुडबुड्यांचा अर्थ एवढाच की श्वासाची वाट उघडी आहे.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ना?

बातम्यांमध्ये तसंच छापतात, पण नाही. साधी, गाळलेली, कोरडी, दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात. पुढे नायट्रॉक्सचा कोर्स कराल तेव्हा ३२ टक्के ऑक्सिजनची हवा भेटेल, तिलाही खोलीची मर्यादा आहे.

ओपन वॉटर कोर्समध्ये नेमकं काय करतात?

थोडा अभ्यास, तलावात किंवा शांत उथळ पाण्यात पाच सत्रं, आणि समुद्रात चार डाईव्ह. साधारण तीन-चार दिवस. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर शोधून परत लावणं, बडीच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेत वर येणं, होकायंत्रावर सरळ जाऊन परत येणं, हात-पाय न हलवता पाण्यात अधांतरी राहणं, हे सगळं त्यात येतं.

माणसं अडकतात ती मास्कपाशी. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, मिनिटभर तसाच श्वास घ्यायचा, मग परत लावून आतलं पाणी बाहेर काढायचं. मास्क निघाला की गार पाणी एकदम नाकावर येतं. नाक श्वास ओढू बघतं. डोळ्यांपुढे नुसता निळा-करडा धूर. त्या क्षणी शरीर ओरडून सांगतं, वर चल. आणि तुम्हाला तिथेच, गुडघ्यांवर बसून, तोंडानं एक श्वास आत, तोंडानं एक श्वास बाहेर करायचा असतो. चौथ्या-पाचव्या श्वासाला कळतं की हवा येतेच आहे. मग मास्क लावायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, मान जराशी वर करून नाकानं सावकाश फुंकायचं. पाण्याची रेघ डोळ्यांखालून उतरत जाते आणि समोर इन्स्ट्रक्टरचा चेहरा स्पष्ट होतो.

हे एकदा जमलं म्हणून सोडू नका. कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे ते अंगवळणी पडलं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी घोटून घ्या. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "छान" नाही, "वर चला". छान सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. माझ्या बॅचमध्ये एका मुलानं कासव दिसल्याच्या आनंदात अंगठा दाखवला आणि इन्स्ट्रक्टर त्याला घेऊन वर निघाला. त्यानं बरोबरच केलं. अंगठ्यावर पाण्याखाली वाद घालत नाहीत.

कोणती संस्था चांगली? पॅडी, एसएसआय की आणखी कुठली?

पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची. दोन्हींची कार्डं जगभर चालतात आणि अभ्यासक्रमात मोठा फरक नाही. फरक शिकवणाऱ्या माणसात असतो.

मग माणूस कसा पारखायचा?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहिला कोर्स मी जिथे केला तिथे आम्ही चौघं होतो आणि अडीच दिवसांत सगळं उरकलं. मास्क काढायची वेळ आली तेव्हा मी अर्धवट काढला, परत लावला, आणि इन्स्ट्रक्टरनं वर्तुळ दाखवून पुढच्याकडे मान वळवली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात तो वजनाचा पट्टाही अंदाजानं दिला, दहा किलो. माझं तेव्हाचं वजन ५४.

पुढच्या वर्षी एका डाईव्हमध्ये समोरच्याची फिन लागून माझा मास्क सरकला. खोली १४ मीटर. मी सरळ वर निघाले. गाईडनं माझा घोटा धरला, स्वतःचा हात माझ्या छातीवर ठेवून मला थांबवलं, म्हणून आज लिहिते आहे. परत आल्यावर पुण्यातल्या एका तलावात सबंध रविवार मी फक्त मास्क काढत आणि लावत बसले.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी? एखादं कौशल्य जमलं नाही तर जादा वेळ मिळतो का, त्याचे पैसे किती? वजनाची चाचणी पाण्यात करून घेता का? मधेच थांबावंसं वाटलं तर काय? "काळजी करू नका, सगळे पास होतात" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. आणि स्वतःला न जमलेली गोष्ट लपवू नका. मी लपवली होती.

कुठे शिकावं?

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, खोल तलावासकट. मालवणच्या समुद्रात पाणी बरेचदा गढूळ असतं आणि पावसाळ्यात सगळं बंद. पण गढूळ पाण्यात शिकलेला माणूस बडीला सोडून जात नाही, हे मी पाहिलंय.

अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाणी २८ अंशांच्या आसपास असतं आणि पाण्याखाली दूरवरचं दिसतं. नेमो रीफसारख्या जागी किनाऱ्यावरून चालत आत जाता येतं. नव्या माणसासाठी ते फार सोयीचं. कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला बोट जाते, कोल्हापूर-बेळगावकडच्यांना ते जवळ पडतं. पुण्या-मुंबईत तलावातला भाग आधी उरकून समुद्राच्या डाईव्ह दुसरीकडे करायचीही सोय असते. सुट्टी कमी असेल तर ती वाट चांगली.

कान दुखतात. काय करू?

दुखेपर्यंत थांबू नका. आंबा घाट उतरताना कानाला दडे बसतात तोच प्रकार, पण पाण्यात तो पहिल्या दोन मीटरमध्येच होतो. पृष्ठभागावर असतानाच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला सुरुवात करा आणि उतरताना दर हातभर अंतराला करत राहा. कान सुटला नाही तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. पाय खाली, डोकं वर ठेवून, नांगराच्या दोरीला धरून उतरलात तर सोपं जातं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाईव्ह नाही. औषध घेऊन उतरणंही नको, त्याचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कान अडतात.

मी सारखी वर तरी जाते नाहीतर तळाला तरी आपटते. बॉयन्सी (पाण्यात अधांतरी राहणं) कधी जमणार?

बहुधा तुमच्या पट्ट्यात वजन जास्त आहे. जास्त वजन, म्हणून जॅकेटमध्ये जास्त हवा, आणि ती हवा प्रत्येक मीटरला फुगते-आकसते. मग तुम्ही दिवसभर बटणंच दाबत राहता.

चाचणी अशी : सिलिंडर संपत आलेला, साधारण ५० बार (हवेच्या दाबाचं माप) असताना, जॅकेट रिकामं करून, अर्धा श्वास धरून पाण्यात उभं राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. चाचणीपुरता हा श्वास पृष्ठभागावरच धरायचा आहे. भरलेल्या सिलिंडरनं चाचणी केलीत तर दोन-अडीच किलो जास्त धरा, कारण तेवढं वजन हवेचंच असतं आणि डाईव्हभर ते कमी होत जातं. तलावातलं वजन समुद्रात पुरत नाही, खारं पाणी जास्त उचलतं.

वजन बरोबर झालं की बाकी काम फुप्फुसाचं. सावकाश श्वास आत घेतला की दोन-तीन सेकंदांनी शरीर वितभर वर, सोडला की वितभर खाली. हा उशीर ओळखता आला की बॉयन्सी आली. माझी विसाव्या डाईव्हच्या सुमारास बसली. प्रवाळावर एक फिन आपटली तर वर्षानुवर्षं वाढलेलं क्षणात मोडतं, तेव्हा हे शिकणं फक्त आपल्यासाठी नाही.

माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते. लाज वाटते.

लाजू नका, मोजा. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, त्यात २०० बार, म्हणजे २२०० लिटर हवा. तुम्ही वर मिनिटाला २० लिटर घेत असाल तर २० मीटरवर, दाब तिप्पट म्हणून, ६० लिटर लागतात. म्हणजे मिनिटाला साडेपाच बार. ५० बार राखून ठेवले तर तिथे २७ मिनिटं मिळतात, आणि १० मीटरवर चाळीस.

हा हिशेब माझ्यासाठी सगळ्यात मोठं वळण होतं. त्यानंतर मी दर पाच मिनिटांनी गेज (उरलेली हवा दाखवणारा काटा) बघण्याआधी मनात आकडा धरू लागले आणि मग काटा बघू लागले. अंदाज आणि काटा जुळू लागले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही डाईव्ह माझी आहे. आकडा आपोआप सुधारतो. हातांनी पोहणं बंद करा, पट्ट्यातलं वजन कमी करा, घाई सोडा.

खाली असताना घाबरायला झालं तर?

होतं. दीडशे डाईव्हनंतरही कधी तरी होतं. क्रम ठरलेला ठेवा : थांबा, श्वास पूर्ण सोडा, विचार करा, मग हलायचं ते हला. श्वास सोडण्यावर भर द्या. घाबरलेला माणूस वरच्यावर श्वास घेत राहतो आणि हवा येत असूनही ती पुरत नाही असं त्याला वाटतं. काही तरी धरा, दोरी किंवा प्रवाळ नसलेला खडक, आणि बडीला हाताचा पंजा हलवून "काही तरी बिनसलंय" सांगा.

याहून मोठी गोष्ट पाण्यात उतरण्याआधीची. बोटीवर बसल्या बसल्या मन नाही म्हणत असेल तर डाईव्ह रद्द करा. कारण सांगावं लागत नाही. पैसे जातील, जाऊ द्या. बोटीवर बसून "आज मी येत नाही" म्हणता येणं हे मी शिकाऊ माणसाचं पहिलं स्वतंत्र पाऊल मानते.

कार्ड मिळालं, पण आत्मविश्वास नाही. लगेच अ‍ॅडव्हान्स्ड करू का?

लगेच करता येतो, आणि ३० मीटरपर्यंतची परवानगी मिळते. माझं मत, आधी वीस-पंचवीस साध्या डाईव्ह करा. त्यात एक-एक काम अंगावर घ्या. एका डाईव्हला गाईडला सांगा, आज परतीची वाट मी दाखवते. दुसऱ्या वेळी वर येण्याआधीचा ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबा दोरीला न धरता करा. मग बोटीला आपली जागा दाखवणारी फुग्याची नळी, ज्याला डायव्हर डीएसएमबी म्हणतात, ती खालून वर सोडायला शिका. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा, आणि खोली-वेळ मोजणारा डाईव्ह कॉम्प्युटर भाड्याचा असला तरी स्वतःच्या मनगटावर असू द्या. गाईडचा कॉम्प्युटर त्याच्या डाईव्हचा असतो.

मग रेस्क्यू कोर्स. सगळ्यात दमवणारा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. दुसऱ्याच्या डोळ्यांत भीती कशी दिसते हे त्यात शिकवतात, आणि मग ती स्वतःत लवकर ओळखू येते.

चष्मा, वय, दमा, पाळी?

चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो. कोर्स १० व्या वर्षापासून करता येतो, वरची मर्यादा नाही. पाळीत चालतं, शार्क येत नाहीत. गरोदरपणात अजिबात नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय उतरू नका, आणि फॉर्मवर खोटं लिहू नका.

परतीचं विमान कधीचं घ्यावं?

एकच डाईव्ह झाली असेल तर निदान १२ तास, अनेक झाल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. मी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, निघण्याआधीचा अख्खा दिवस कोरडा ठेवते.

आंग्रिया बँकेला जायचंय. काय लागेल?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला लगेच आवडतो. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, आंग्र्यांचं नाव घेऊन बुडून असलेलं ते प्रवाळाचं पठार. वर बेट नाही, झाड नाही, आडोसा नाही. सगळ्यात उथळ भागही वीसेक मीटरवर, म्हणजे ओपन वॉटरच्या मर्यादेपलीकडे. पाण्याला ओढ असते, आणि बोटीपासून लांब वर आलात तर तुमचा फुगाच तुमची खूण. अ‍ॅडव्हान्स्ड, नायट्रॉक्स, डीएसएमबीचा भरपूर सराव, आणि गाईडकडे न बघता स्वतःचा हिशेब. मी अजून गेले नाही. तयारी मात्र तीच डोळ्यांपुढे ठेवून करते.

गाईडशिवायची पहिली डाईव्ह कुठे करावी? तुम्ही कुठे केली?

किनाऱ्यावरून आत जाता येईल, ओढ कमी असेल आणि हरवायला जागा नसेल अशा ठिकाणी. आमची बालीमधल्या तुलांबेनला झाली. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागलेलं लिबर्टी हे अमेरिकन जहाज तिथे किनाऱ्याला लागलं होतं, १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते ढकललं जाऊन पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून थोडंच पोहून गेलं की समोर उभं राहतं, ५ मीटरपासून ३० पर्यंत उतरत गेलेलं.

बरोबर मावसबहीण होती. तिच्या चाळीस डाईव्ह, माझ्या साठ. आदल्या दिवशी गाईडबरोबर दोनदा पाहून घेतलं होतं. सकाळी सहाला काळ्या गोट्यांवर बसून आम्ही पाटीवर लिहिलं : खोली १८, ११० बार उरले की परत वळायचं, जाताना जहाज उजव्या हाताला, हरवलो तर एक मिनिट शोधायचं आणि वर. गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन त्या गोट्यांवरून अनवाणी चालत गेल्या. आम्ही एकमेकींची जॅकेटं, वजनं, बकल्स, हवा तपासली. तिनं माझी एक पट्टी घट्ट केली.

खाली गेल्यावर सतराव्या मीटरला, कपाळावर उंचवटा असलेले मोठे पोपटमासे, वीसेक असतील, जहाजाच्या कण्यावरून सावकाश खाली खोल निघाले. मी त्यांच्या मागे दोन फिन मारल्याही. तेवढ्यात माझ्या नजरेसमोर तिचा गेज आला. ती काही खूण करत नव्हती, नुसता तो काटा माझ्यापुढे धरून होती. ११०.

आम्ही वळलो. ५ मीटरवर वाळूत रोपांसारख्या उभ्या असलेल्या ईल (सापासारखे लांब मासे) बघत तीन मिनिटं थांबलो, आणि ७० बार शिल्लक ठेवून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो. तिनं मास्क गळ्यात ओढला.

"ताई, परत?"

मी मनगटावरचा कॉम्प्युटर बघितला. "तासाभरानं," म्हटलं. "आधी चहा."